कळत नाही म्हणून नव्हे

"समकालीन कला सामान्य माणसाला कळत नाही, म्हणून तो तिच्यापासून लांब राहतो" हे एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. सकाळी नाशिकच्या गोदाघाटावर या. कोणीतरी जलरंगात नारोशंकराचं देऊळ रंगवत बसलेलं असतं आणि भोवती भाजीवाल्या, यात्रेकरू, शाळेची पोरं उभी. "दादा, पाणी हिरवं का केलं?" असं बेधडक विचारतात, आणि चित्रकारही हात न थांबवता उत्तर देतो. हीच माणसं कलादालनाच्या काचेच्या दारापाशी बिचकतात, कारण आत बोलायला कोणी नसतं. असतो तो फक्त "हात लावू नये"चा फलक.

रिर्क्रित तिरावनिजा या थाई कलावंताने १९९२ साली न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत करी-भात शिजवून येणाऱ्या-जाणाऱ्यांना फुकट वाढला. ते एकत्र जेवणं हीच कलाकृती. नाशिककराला यात न कळण्यासारखं काय आहे? रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याने भरलेल्या हौदात, अनोळखी माणसाशेजारी उडी मारणारे लोक आहोत आपण! मांडणशिल्पं, म्हणजे जागेवर वस्तू मांडून केलेल्या कलाकृती, घाटावर, सीबीएस बसस्थानकावर मांडा आणि कलावंताला दिवसभर तिथेच थांबू द्या. लोक स्वतःहून येऊन विचारतील.