टेप वेगळी, जाळी वेगळी
बायकांच्या लघवी गळण्याच्या त्रासावरच्या या लेखात, आत आधाराला बसवतात त्या कृत्रिम जाळीबद्दल 'परदेशात जाळीवर बंदी आली' असं एका वाक्यात उरकलंय, ते वाचून बायका उगाच घाबरतील. अमेरिकेत २०१९ मध्ये विक्री थांबवली ती अंग बाहेर येतं त्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळीची, खोकताना-शिंकताना लघवी होते त्यासाठी मूत्रमार्गाखाली बसवतात ती जाळीचीच बारीक पट्टी, म्हणजे टेप, त्यात नव्हती. हां, ब्रिटनमध्ये जुलै २०१८ ला टेपलाही स्थगिती दिली, कारण काही जणींना नंतर कायमचं दुखणं, टेप आतून घासून वर येणं असले त्रास झाले आणि एकदा बसली की ती पूर्ण काढणं सोपं नसतं. हे डॉक्टरने आधीच सांगायला नको का?

माझ्या मावशीने टेप नकोच म्हणून स्वतःच्या पोटाच्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी काढून तिचीच स्लिंग (मूत्रमार्गाला खालून आधार देणारी झोळी) करून घेतली, चीर मोठी, बरं व्हायला वेळ लागला, काही दिवस कॅथेटर (लघवीची नळी) होतं त्याने वैतागली होती, पण आता लग्नात बिनधास्त नाचते 😄 त्याआधी ३ महिने फिजिओकडे व्यायाम केले होते, तिच्यासोबतच्या एकीचं तेवढ्यावरच भागलं, ऑपरेशन लागलंच नाही. आणि घाईची लागून बाथरूमपर्यंत पोचायच्या आधीच होते तो प्रकार वेगळा, त्याला गोळ्या असतात, लेखात दोन्ही एकत्र कालवलंय.