ज्युनिअर वकिलाच्या पंधरा हजारातले दीड हजार

हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठात नव्यानं उभ्या राहणाऱ्या ज्युनिअर वकील पोरापोरींच्या स्टायपेंडमधून दहा टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापला जातो. कायद्यात बसतं, पण मला ते साफ अन्यायाचं वाटतं.

हिशोब बघा (आकडे, कलमं आणि फॉर्म आर्थिक वर्ष 2025-26 चे, आयकर कायदा 1961 प्रमाणे). समजा हिंगोलीकडची एक मुलगी वकिलीची सनद घेऊन संभाजीनगरला एका फर्ममध्ये लागली. महिना 15,000, वर्षाचे 1,80,000. फर्म ही रक्कम व्यावसायिक फी म्हणून दाखवते आणि कलम 194जे खाली दहा टक्के कापते. हातात 13,500. दीड हजारात मेसचे पंधरा दिवस निघतात हो! वर्षाला 18,000 सरकारजमा, आणि तिच्यावर मुळात कर किती? शून्य. नव्या कररचनेत 4 लाखांपर्यंत करच नाही. कलम 44एडीए (छोट्या व्यावसायिकांना ठरावीक टक्क्यानं उत्पन्न दाखवायची सोय) घेतलं तर मिळालेल्या फीपैकी निम्मीच उत्पन्न धरली जाते, म्हणजे 90,000.

एवढीच रक्कम कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये पगार म्हणून मिळाली असती तर आयकरापोटी एक रुपया कापला गेला नसता. पगारात वर्षभराचा कर आधी मोजतात, मग कपात. फीमध्ये वर्षाला 50,000 ओलांडले की सरसकट कपात. मग पगारच दाखवा म्हणावं, तर बार कौन्सिलचा (वकिलांच्या नियामक संस्थेचा) नियम 49 आडवा येतो, प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी चालत नाही. बँकेच्या व्याजासाठी 15जी (माझ्यावर कर बसत नाही असं घोषणापत्र) भरून कपात थांबवता येते, या फीला तो फॉर्म लागू नाही. कलम 197 खाली कमी कपातीचा दाखला मागता येतो, पण कालपरवा सनद मिळालेल्या लेकराला हे सांगणार कोण?

काही जण कलम 10(16) दाखवून स्टायपेंड करमुक्त असल्याचं सांगतात. ते कलम शिक्षणाच्या खर्चासाठीच्या शिष्यवृत्तीचं आहे. दिवसभर तारखा सांभाळणारा, ड्राफ्टिंग करणारा ज्युनिअर त्यात बसत नाही.

बीड, परभणीच्या जिल्हा कोर्टात चित्र वेगळं. तिथं बहुतेक सीनिअर एकटेच प्रॅक्टिस करतात. मागच्या वर्षीची फी 50 लाखांच्या आत असेल तर टीडीएस कापायची सक्ती त्यांच्यावर नाही. पण पैसे देतातच किती? ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच ती, बंधन नाही. अनेकांना पेट्रोलपुरते मिळतात, तेही रोख. कपात नाही, तशी कुठं नोंदही नाही. उद्या ऑफिससाठी कर्ज काढायला गेला की बँक रिटर्न मागते, तेव्हा दाखवणार काय?

ज्युनिअर मित्रांनो, आयकर रिटर्न भराच. उत्पन्न करपात्र नसलं तरी भरा, कापलेले पैसे रिटर्नशिवाय परत येत नाहीत. 44एडीए घेत असाल तर रिटर्नचा फॉर्म आयटीआर-4. त्याआधी 26एएस (तुमच्या नावावर जमा कराचा तक्ता) उघडून बघा, कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा दिसते का. कापून न भरणारेही भेटतात.

माझी मागणी एवढीच: सनदेच्या पहिल्या तीन वर्षांत, करपात्र उत्पन्न नसलेल्या वकिलाला 15जी सारखं घोषणापत्र देऊन ही कपात थांबवता यावी. बार असोसिएशननी हे अर्थमंत्रालयाला लिहावं, मसुदा मी करून देतो. आणि तोपर्यंत फर्मवाल्या सीनिअर मंडळींनी दर तिमाहीला फॉर्म 16ए (टीडीएस कापल्याचा दाखला) स्वतःहून ज्युनिअरच्या हातात द्यावा, त्याला मागायला लावू नये.