१९६८ च्या तिकिटाचे पाच लाख कोणी देत नाहीये

नेरूळ, सीवूड्सच्या सोसायटी ग्रुपांवर एक फॉरवर्ड गरगर फिरतंय. दिल्लीत १९६८ ला व्यापार आणि विकास परिषद झाली, तिचं १५ पैशांचं तिकीट. म्हणे युनोने काढलेलं, मोजकंच छापलेलं, घरात सापडलं तर पाच लाख रोख, परिषदेतून मात्र काहीच निघालं नाही. खाली लिंक आणि ९९९ रुपये रजिस्ट्रेशन.

युनोने काढलं हे साफ चूक. युनोची स्वतःची तिकिटं असतात, १९५१ पासून, पण ती फक्त त्यांच्याच ऑफिसातून टाकलेल्या पत्रांवर चालतात. हे तिकीट आपल्या डाक-तार खात्याचं, छपाई आपल्या नाशिकच्या प्रेसची. परिषद युनोची होती, तिकीट भारताचं, एवढं सरळ आहे.

मोजकंच छापलं? अहो, त्या काळात साध्या पत्राला १५ पैसेच लागायचे, म्हणून तर तेव्हाची बहुतेक स्मारक तिकिटं १५ पैशांची दिसतात, रोजच्या टपालासाठी लाखांनी छापायचे आणि लोक जीभ लावून चिकटवायचे. मोजकं म्हणजे काय ते बघायचं तर १९४८ चं गांधीजींचं दहा रुपयांचं, वर 'सर्व्हिस' छापलेलं तिकीट बघा. ते गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी फक्त १०० छापलं होतं, त्यातल्या चारच्या पट्टीला २०१७ ला पाच लाख पाउंड मिळाले. फॉरवर्डवाल्याने तोच आकडा उचलून रुपयात टाकला की काय देव जाणे.

पाच लाखांचं तर बोलूच नका. हे तिकीट जमवणाऱ्यांकडे आजही किरकोळ पैशात मिळतं. पोस्ट तिकीट विकतं, भंगारवाल्यासारखं वजन करून परत घेत नाही. आणि आधी पैसे भरा मग आम्ही विकत घेतो ही जुनीच टोपी आहे, जुन्या नोटा-नाण्यांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये असाच इशारा दिला होता. लिंकवर जाऊ नका, आईबाबांच्या फोनमधूनही उडवा.

आता 'काहीच निघालं नाही' हे वाक्य, ज्याने मला खरं तर लिहायला बसवलं, कारण आमचं काम न्हावा-शेवा बंदरातल्या निर्यातीच्या कागदपत्रांचं. १९६४ ला जिनिव्हात पहिली परिषद झाली, ही दुसरी, विज्ञान भवनात, फेब्रुवारी-मार्च असे जवळजवळ दोन महिने. मोठमोठ्या अपेक्षा होत्या, बऱ्याच फसल्या, ते मान्य. पण परिषदेचे सरचिटणीस राउल प्रेबिश ज्या कल्पनेमागे लागले होते तिला तिथेच सगळ्यांनी तत्त्वतः होकार दिला: गरीब देशांच्या मालावर श्रीमंत देशांनी कमी ड्युटी लावायची, आणि बदल्यात तशीच सवलत मागायची नाही. तीच जीएसपी. युरोपने १९७१ ला चालू केली, अमेरिकेने १९७६ ला. युरोपला माल निघाला की 'फॉर्म ए', म्हणजे ही सवलत मिळवायला लागणारा माल कुठल्या देशाचा याचा दाखला, झाला का हा प्रश्न आमच्या लाइनीत वर्षानुवर्षं विचारला गेलाय, त्याचं मूळ त्या दिल्लीतल्या ठरावात आहे.

आणि सवलत काहीच नव्हती तर ५ जून २०१९ ला अमेरिकेने भारताची जीएसपी सवलत काढून घेतल्यावर एक्स्पोर्टरांची एवढी धावपळ का झाली? ज्यांचा माल त्या यादीत होता त्यांच्या खरेदीदारांना त्याच दिवसापासून पूर्ण ड्युटी, आणि मग ती कोणी सोसायची यावरून फोनवर फोन.