वाळवंटी अंजिराची वाहतूक

मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात फायकस पामेरी नावाचे रानटी अंजीर उघड्या कातळावर उगवते. त्याची फिकट मुळे वितळलेल्या मेणासारखी दगडावरून ओघळतात आणि जिथे फट सापडेल तिथे घुसतात. एवढा चिवटपणा असलेले झाड माझ्याही हातून जगेल, या विश्वासाने मी ते कुंडीत लावले. कातळाला न जुमानणाऱ्या या वीराला थंडी मात्र सोसत नाही, हे पहिल्या हिवाळ्यात कळले.

पारा शून्याखाली गेला की पानांतले पाणी गोठते आणि सकाळी ती काळवंडून चिंधीसारखी लोंबू लागतात. जमिनीतल्या झाडाला निदान मातीची ऊब असते; कुंडीतल्या मुळांना गारठा चहूबाजूंनी घेरतो. आकाश निरभ्र असले आणि वारा पडला की इतर लोक चांदणे पाहायला बाहेर येतात, मी मात्र कुंडी उचलून घरात नेण्यासाठी कंबरपट्टा शोधू लागतो; कारण अशाच रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते आणि दव गोठते. पाण्याचा निचरा उत्तम व्हावा म्हणून मी मातीत निम्मी खडी मिसळली होती. निचरा खरोखरच उत्तम होतो. ती कुंडी पुढे मलाच उचलायची आहे, एवढा एकच मुद्दा तेव्हा विचारातून निसटला.

दारातून नेताना एक फांदी चौकटीला अडकून मोडली आणि पांढरा चीक मनगटावर ओघळला. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात. पण हे दूध लागले की नुसती खाज सुटते. फळांचीही आशा नाही. अंजिरांची फुले फळाच्या पोटात दडलेली असतात आणि त्यांचे परागण करणारी चिलटाएवढी खास गांधीलमाशी तिकडे वाळवंटातच राहिली. तरी आलेला प्रत्येक पाहुणा ‘अंजिरे कधी?’ असे विचारतोच.

घरात उजेड कमी पडल्यामुळे पंधरा दिवसांत झाडाने एकूण एक पान टाकले. थंडीत अशा निष्पर्ण झाडाला पाणी घातले की मुळे कुजतात, हे मी घरात सर्वांना बजावले, तरीही माती रोज ओली लागे. अखेर ‘बिचारे तहानले असेल’ म्हणत पेल्यातले उरलेले पाणी कुंडीत रिकामे करताना बायको सापडली. त्याच दुपारी मी धडधडत्या छातीने नखाने खोडाची साल किंचित खरवडली. आत हिरवे निघाले! मग पुढे कित्येक दिवस मी रोज खात्री करून घेत राहिलो, त्यामुळे खोडाला थंडीपेक्षा माझ्या नखांच्याच जखमा अधिक आहेत.

वसंतात रात्री उबदार झाल्या, कुंडी बाहेर गेली आणि शेंड्यावर टोकदार कोंब फुटला. त्याचे कौतुक करीत असतानाच बायकोने हवामानाचा अंदाज वाचून दाखवला: आज रात्री किमान तापमान 1 अंश, आकाश निरभ्र.

मी कंबरपट्टा शोधायला आत गेलो.