‘चारही रंग शंभर टक्के’: छपाईच्या फाइलबद्दल फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

‘छापखान्यात फाइल देण्यापूर्वीचे पाच सुवर्णनियम’ अशा मथळ्याचा एक संदेश गेले काही महिने या गटातून त्या गटात फिरतो आहे. त्यावर लेखकाचे नाव नाही आणि हे नियम ऑफसेटसाठी, म्हणजे प्रत्येक शाईची वेगळी प्लेट बनवून होणाऱ्या छपाईसाठी, आहेत की डिजिटल छपाईसाठी याचाही पत्ता नाही. प्रत्येक नियमापुढे ‘हमखास’ हा शब्द मात्र न चुकता आहे. मी त्याकडे दुर्लक्षच केले असते. परंतु माझ्या पुतणीकडे यंदा तिच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाची मांडणी आहे, आणि तिने त्यातील तिसरा नियम प्रमाण मानून अंकातील सगळा मजकूर त्याबरहुकूम रंगवून ठेवला, तेव्हा गप्प राहणे अशक्य झाले.

म्हणून तिसऱ्या नियमापासूनच सुरुवात करतो. तो असा: ‘काळा फिका येऊ नये म्हणून सी, एम, वाय आणि के ही चारही मूल्ये १०० ठेवा, काळा हमखास गडद येतो.’ सी, एम, वाय आणि के म्हणजे छपाईच्या चार शाया: निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. चारही मूल्ये १०० म्हणजे कागदाच्या त्याच जागेवर एकूण ४०० टक्के शाई. चार रंगी ऑफसेट यंत्रावर हे चार थर एकापाठोपाठ एक, खालचा थर ओला असतानाच चढतात. इतकी शाई वेळेत वाळत नाही. ती गठ्ठ्यातील वरच्या कागदाच्या पाठीवर उमटते, कागद एकमेकांना चिकटतात आणि बाइंडिंगच्या वेळी घडीवर डाग पडतात. ऑफसेट छपाईचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १२६४७-२ या बेरजेला मर्यादा घालते: २००४ च्या आवृत्तीनुसार सुट्या कागदावरील छपाईसाठी ३५० टक्के, तर हीटसेट वेबसाठी, म्हणजे कागदाच्या सलग रिळावर छापून शाई उष्णतेने वाळवणाऱ्या यंत्रांसाठी, ३०० टक्के. वृत्तपत्राच्या कागदावर ही मर्यादा २४० च्या आसपास उतरते. संदेशकर्त्याचा ४०० हा आकडा यांपैकी कोणत्याही चौकटीत बसत नाही.

मानकावर विश्वास नसेल, तर फोटोशॉपवर ठेवावा. आरजीबीतील, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीतील शुद्ध काळा (शून्य-शून्य-शून्य) ‘यूएस वेब कोटेड स्वॉप व्ही२’ या प्रोफाइलने, म्हणजे ठरावीक छपाईत रंग कसे उमटतात याच्या नोंदीने, सीएमवायकेत नेला की ७५, ६८, ६७ आणि ९० हे आकडे मिळतात. त्यांची बेरीज बरोबर ३०० येते. गडदातला गडद काळा तयार करतानाही सॉफ्टवेअर तिथे आपणहून थांबते, कारण ते प्रोफाइल बनवणाऱ्यांना यंत्राची सोसण्याची मर्यादा ठाऊक होती. चारशे टक्क्यांचा रंग मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो खरा, त्याला ‘रजिस्ट्रेशन’ म्हणतात. पण तो कटाईच्या आणि जुळणीच्या खुणांसाठी असतो, म्हणजे पानाच्या त्या भागासाठी, जो शेवटी कापून फेकला जातो.

आता मजकुराकडे पाहू, कारण खरे नुकसान तिथे आहे. दहा पॉइंटाचे अक्षर चार प्लेटांवरून छापायचे म्हणजे त्याची शिरोरेखा चार वेळा तंतोतंत त्याच जागी पडली पाहिजे. एखादी प्लेट किंवा ताणला गेलेला कागद मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने जरी सरकला, तरी शिरोरेखेच्या वर गुलाबी आणि खाली निळसर कड दिसू लागते, आणि वाचणाऱ्याला आपला चश्मा बदलायची वेळ आली असे वाटते. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरे सोडली असतील तर स्थिती आणखी वाईट होते: अनुस्वार बुजतात, रफार भरून जातो, उकाराचा डोळा मिटतो. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर असावा, के १०० आणि बाकी तिन्ही शून्य. याला अपवाद शोधण्याची हौस मोठ्या शीर्षकांवर भागवावी.

तिसऱ्या नियमात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. मुखपृष्ठावर मोठा काळा भाग असेल, तर नुसता के १०० तिथे विरळ, राखाडीकडे झुकलेला दिसतो. अशा वेळी इतर रंगांचा आधार देतात, उदाहरणार्थ ६०, ४०, ४० आणि १००. पण ही बेरीज २४० होते, ४०० नव्हे, आणि नेमके आकडे कागद व यंत्र पाहून प्रेसनेच सांगावेत.

पहिला नियम म्हणतो की कोणतेही छायाचित्र ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) केले की ते छपाईत फाटत नाही, म्हणजे त्यात ठोकळे दिसत नाहीत. रकान्यात ३०० लिहिल्याने नवे पिक्सेल जन्माला येत नाहीत. ६०० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र ३०० ने छापले तर ते दोन इंच रुंद येईल. तेच आठ इंचांवर ताणले तर प्रत्यक्षात ७५ उरतात. सॉफ्टवेअरला पिक्सेल वाढवायला सांगितले, तर ते शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भर घालते आणि चेहरे मेणाचे होतात. ३०० हा आकडा निराधार नाही, तो इंचाला १५० रेषांच्या स्क्रीनच्या, म्हणजे छपाईतल्या ठिपक्यांच्या जाळीच्या, दुपटीवरून आला आहे. मात्र तो छापील आकारावर मोजायचा असतो.

दुसरा नियम असा की फाइल सीएमवायके केली की रंग स्क्रीनवर दिसतात तसेच येतात. पडदा प्रकाश फेकतो, शाई तो शोषते. झगझगीत निळा आणि पोपटी हिरवा चार शायांच्या आवाक्यातच नाहीत. रूपांतर कुठेतरी व्हावेच लागते, पण कोणत्या प्रोफाइलने, हे विचारल्याशिवाय ते करण्यात अर्थ नाही.

चौथा नियम ब्लीडची, म्हणजे कटाईच्या रेषेबाहेर सोडायच्या जादा चित्राची, जबाबदारी छापखान्यावर ढकलतो. प्रेसकडे तुमच्या चित्राचा पानाबाहेरचा भाग नसतो. तीन मिलिमीटर तुम्हीच सोडायचे असतात, एवढे पुरे.

पाचवा नियम सांगतो की पीडीएफ केली की फॉन्टची चिंता मिटली. ही चिंता पीडीएफ केल्याने नव्हे, तर फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड केल्याने, म्हणजे तिच्या आतच साठवल्याने मिटते. आयएसओ १५९३० मालिकेतील, छपाईसाठी ठरवलेल्या पीडीएफ/एक्स प्रकारांत ते बंधनकारक आहे, साध्या पीडीएफमध्ये नाही. तपासणे मुळीच अवघड नाही. ॲक्रोबॅटमध्ये फाइलचे प्रॉपर्टीज उघडून फॉन्ट्सचा रकाना पाहावा. ज्या नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ असे लिहिलेले नाही, तो फॉन्ट तुमच्या संगणकावर आहे, फाइलमध्ये नाही. आणि प्रेसच्या संगणकाने त्याच्या जागी दुसरा घेतला, तर फुटलेली जोडाक्षरे आणि भलत्या जागी गेलेल्या वेलांट्या प्लेटवर तशाच उतरतील.