मंधातला काळ

मागच्या मंगळवारी रात्री साडेनऊ वाजता, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या फाटकाबाहेर, रांगेत चौदाव्या नंबरावर उभ्या असलेल्या माझ्या कापसाच्या मेटॅडोरजवळ, शेकोटीला हात धरून बसलेल्या बारा-पंधरा माणसांदेखत माझा पराभव झाला. तो कापसावरून झाला असता तर मी गिळून टाकला असता, कारण त्याची आम्हाला सवय आहे. परंतु तो अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनवरून झाला, आणि बुधवारी सकाळपासून गावातली पोरे मला ‘मंधातले’, म्हणजे मधले, ‘मास्तर’ म्हणू लागली आहेत.

पार्श्वभूमी एवढीच, की मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, सहा एकरांत कापूस पेरतो आणि नागपूरला वसतिगृहात असताना सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतलेल्या एका कॅसेटमुळे डिलनच्या नादी लागलेलो आहे. ती कॅसेट माझ्या मावसभावाने तेव्हा ऐकायला नेली आणि परत केली नाही. तो आता पुण्यात असतो, दिवाळीनंतर आठ दिवस ‘शेती पाहायला’ येतो, आणि डिलनच्या मधल्या काळातला सर्वांत चांगला अल्बम कोणता, हा आमचा जुना वाद गेल्या वर्षी जिथे सोडला असेल तिथून पुन्हा सुरू होतो. जिनिंगच्या रांगेत रात्रभर दुसरे करायचे तरी काय असते?

माझे म्हणणे असे की १९७५ सालच्या ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’च्या वर काहीही नाही. भावाचे म्हणणे असे की ते अजून तारुण्यच आहे आणि मधला काळ खरा सुरू होतो तो १९७९ ते १९८१ या वर्षांतले तीन धार्मिक अल्बम झाल्यावर, म्हणजे १९८३ सालच्या ‘इन्फिडेल्स’पासून, ज्यात ब्रिटिश गिटारवादक मार्क नॉफ्लर सहनिर्माता आहे आणि ढोलाला व बेसला जमैकाचे स्लाय आणि रॉबी आहेत. मी त्याला दरवर्षी एकच गोष्ट सुनावतो, की ज्या अल्बममधून त्यासाठी ध्वनिमुद्रित केलेले सर्वांत मोठे गाणे, अंध ब्लूज गायक विली मॅकटेलच्या नावाचे, गाळून टाकले, त्या अल्बमची बाजू कोणत्या तोंडाने घेतोस. तेवढ्यावर तो दरवर्षी गप्प होतो. या वर्षीही झाला. वाद तिथेच संपायला हवा होता, पण जिंकलेल्या माणसाला बोलायची फार हौस असते, त्यामुळे मी ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ कसा घडला ते शेकोटीला सांगू लागलो.

ही गोष्ट मी बरी सांगतो. सप्टेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्कला अल्बम पूर्ण झाला, रेकॉर्डची वेष्टणे छापून तयार झाली, आणि डिसेंबरात डिलन मिनेसोटाला घरी गेला असताना त्याच्या धाकट्या भावाने ऐकून सांगितले की काही गाणी पुन्हा करायला हवीत. मग मिनियापोलिसमधले स्थानिक वादक गोळा करून दहापैकी पाच गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली गेली आणि जानेवारीत अल्बम बाजारात आला.

“अन् त्या वाजवनाराईचे नाव?” शेकोटीच्या पलीकडून आवाज आला.

हे जिनिंगचे रात्रीचे चौकीदार आबाजी. वय सत्तरीच्या पुढे, कानाला मफलर, मांडीवर काठी. त्यांच्या गावच्या भजन मंडळात ते चाळीस वर्षे खंजिरी वाजवतात आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना लहानपणी मोझरीला प्रत्यक्ष ऐकल्याचे सांगतात. त्यामुळे स्वतः रचायचे आणि स्वतःच गायचे, ही कल्पना त्यांना समजावून सांगावी लागत नाही. ‘आमचे महाराजही सोताच लिवत अन् सोताच गात’ एवढे म्हणून त्यांनी डिलनला प्रवेश दिला होता.

“नावे नव्हती,” मी म्हणालो. “वेष्टणे आधीच छापली गेली होती ना.”

“म्हंजे वाजवले यायनं, अन् नाव छापले दुसऱ्याचे?”

“न्यूयॉर्कच्या वादकांचे. म्हणजे त्यांनीही अर्धे वाजवले होतेच.”

“मास्तर, मी तुमाले अर्ध्याचे इचारतच नाही हाये.”

इथे मला थांबता आले असते. परंतु मी खुलासा करत गेलो, आणि प्रत्येक खुलाशाबरोबर असे वाटू लागले की ती वेष्टणे मीच छापली आहेत. आबाजींना तीन वर्षांपूर्वीची एक भजनस्पर्धा आठवली, जिच्या पत्रकात मंडळातल्या सगळ्यांची नावे होती, अगदी सतरंजी उचलणाऱ्या पोराचेही होते, फक्त खंजिरीवाल्याचे नव्हते. त्यांनी ते पत्रक अजून पेटीत ठेवले आहे. आयोजकांनी दिलेले कारणही हेच, की पत्रके आधीच छापली गेली होती. शेकोटीभोवतीची माणसे माझ्याकडे त्या आयोजकाकडे पाहावे तशी पाहू लागली. एकाने विचारले, “मजुरी तं देल्ली असन न?” मला त्याचे उत्तर देता आले नाही.

“बरं, थे जाऊ द्या,” आबाजी म्हणाले. जाऊ दिलेले नाही हे सर्वांना दिसत होते. “थो गडी जिता हाये का गेला?”

“आहे. ऐंशी ओलांडली आहे, अजून गातो.”

“मंग मंधातला काळ कोनता, हे तुमी कसे काय ठरवले? एका धुऱ्याचा दगड सापडला, दुसरा अजून लावाचा हाये, अन् तुमी मंधात खुटी ठोकून मोकये!”

आबाजींचा चुलतभावाशी धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, दावा गेली बावीस वर्षे चालू आहे. मोजणी हा विषय त्यांच्यासमोर काढू नये, हे परिसरातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. मी काढला नव्हता, पण तो निघाला. पहिला अल्बम कधीचा, त्यांनी विचारले. १९६२. शेवटचा? नव्या गाण्यांचा, २०२०. काट्यावर वजने ऐकत आयुष्य गेलेल्या त्या माणसाने विस्तवाकडे पाहात पाहातच हिशेब केला. “अठ्ठावन साल. अर्धे एकोनतीस. बासटात घाला. एक्क्यान्नव. खुटी तिथं येते. आता सांगा, एक्क्यान्नवले त्यानं काय गायलं?”

नव्या गाण्यांचा अल्बम १९९१ मध्ये आलाच नाही. त्याच्या आदल्या वर्षी ‘अंडर द रेड स्काय’ आला, ज्यात जॉर्ज हॅरिसनपासून एल्टन जॉनपर्यंत पाहुणे आहेत आणि तरीही ज्याचे नाव माझ्यासारखी माणसे दबक्या आवाजात घेतात, कारण त्यातली कित्येक गाणी बडबडगीतांसारखी आहेत. मी ते तुच्छतेने सांगितले आणि वर हेही सांगितले, की तो त्याने आपल्या चिमुकल्या मुलीला तिच्या लाडाच्या नावाने अर्पण केला आहे. हे सांगणे ही माझी दुसरी चूक.

“लेकीसाठी गायला न?” आबाजी म्हणाले. “मंग थोच बेस.”

शेकोटीने मान डोलावली. त्यातल्या बहुतेकांना मुली आहेत. डिलनच्या समीक्षेने जो अल्बम कोपऱ्यात टाकला, तो जिनिंगच्या फाटकाबाहेर एकमताने पहिला आला. एवढ्यात माझ्या मावसभावाला साक्षात्कार झाला आणि तो उभा राहून ओरडला, की १९९१ मध्येच तर न आलेल्या ध्वनिमुद्रणांचा पहिला मोठा ‘बूटलेग’ संच निघाला आणि ‘इन्फिडेल्स’मधून गाळलेले ते गाणे त्यातच पहिल्यांदा प्रसिद्ध झाले! म्हणजे खुटी त्याच्याच वावरात. मी म्हणालो की ही निव्वळ लबाडी आहे. आबाजी म्हणाले, “मोजनी हाये, मास्तर. मोजनीत राग नाही करत.”

पहाटे आमचा नंबर लागला. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने वरच्या कापसाकडे पाहिलेही नाही, कोपरापर्यंत हात खुपसून मधून मूठभर काढला आणि त्यात ओलाव्याचे मशीन टोचले. तेरा. लांब धाग्याचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल, पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की तो आकडा फक्त वाचण्यापुरता उरतो. फाटकाला टेकून आबाजी शांतपणे म्हणाले, “मंधातला काळ ओला निंगाला तुमचा.” माझा भाऊसुद्धा हसला, आणि मेटॅडोरवाला तर अजूनही अधूनमधून हसतो.

त्या एका टक्क्याबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. ऑक्टोबरात पाऊस उघडत नव्हता तेव्हा फुटलेली बोंडे झाडावर भिजत होती, वेचायला बायका मिळत नव्हत्या, मिळाल्या तेव्हा किलोचा दर वाढलेला होता. हे सगळे त्या मशीनला माहीत असण्याचे कारण नाही, परंतु वरचा कापूस मीही त्याच वावरातून आणला होता आणि तो पाहायला कोणी तयार नव्हते. परतीचे भाडे वेगळे पडले. लोकांना यातले फक्त आबाजींचे वाक्य लक्षात राहिले.

गावाच्या अलीकडे नाल्यावर आलो तेव्हा मला आठवले, की १९९१ च्या त्याच संचात ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’मधल्या तीन गाण्यांची मूळ न्यूयॉर्कची ध्वनिमुद्रणेही आहेत. म्हणजे खुटी माझ्याही वावरात होती! मी भावाला हलवून जागे केले आणि सांगितले. तो म्हणाला, “आता मोजणी झाली,” आणि पुन्हा झोपला.

तीन दिवस कापूस गच्चीवर पसरून वाळवला. शुक्रवारी पुन्हा निघण्याआधी मी वहीचा एक कागद फाडला आणि त्यावर मिनियापोलिसच्या वादकांची नावे ठळक अक्षरांत लिहिली, कारण २०१८ मध्ये निघालेल्या संचात ती अखेर छापली गेली आणि हे आबाजींना कळणे मला आवश्यक वाटले. केविन ओडेगार्ड, ख्रिस वेबर, बिली पीटरसन, ग्रेग इनहोफर, बिल बर्ग. आबाजींनी चष्मा लावून, कागद दिव्याखाली धरून प्रत्येक नाव हळूहळू वाचले. चव्वेचाळीस वर्षांनी छापली, असे मी सांगितल्यावर त्यांनी फक्त हुंकार भरला.

“यातला खंजिरीवाला कोनता?”

“खंजिरी नाही आबाजी, ढोल. बिल बर्ग.”

“रेघ मारून द्या त्याच्या खाली.”

मी पेन काढून रेघ मारली. त्यांनी कागदाची चौपदरी घडी करून ती बंडीच्या खिशात ठेवली आणि मला सांगितले की मेटॅडोर अठराव्या नंबरावर लावा.