मनःशांतीची देखरेख

ठाण्यात राहणाऱ्या माणसाला मनाच्या आरोग्यावर बोलण्याचा अधिकार आपोआप मिळतो. महाराष्ट्रात कुठेही लग्नाकार्याला जाऊन "आम्ही ठाण्याचे" असे सांगितले, की पंगतीतला निदान एक काका "म्हणजे नेमके कुठले? भिंतीच्या आतले की बाहेरचे?" असे विचारतो आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन जिलेबी मागून घेतो. १९०१ पासून येथे असलेल्या मनोरुग्णालयाने शहराला दिलेली ही ओळख तलावांच्या ओळखीपेक्षा टिकाऊ ठरली आहे. "याला ठाण्याला पाठवा" हे वाक्य ऐकत कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या, आणि त्या थट्टेच्या धास्तीने कितीतरी माणसे खरी गरज असतानाही डॉक्टरांकडे गेली नाहीत, हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आता काळ पुष्कळ बदलला आहे. याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्यासाठी ‘आयपीएच’ ही संस्था उभी केली. २०२२ पासून फोनवरून मनाच्या तक्रारींवर सल्ला देणारी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते. आणि उदासी दोन आठवडे उलटूनही हटत नसेल, झोप, भूक व कामकाज बिघडले असेल, तर तज्ज्ञाकडे जावे, हे आता पुष्कळांना समजते. मी सांगणार आहे ते आजाराविषयी नाही. ज्याला विशेष काहीही झालेले नाही अशा माणसाच्या मनाची निगा राखण्याचे त्याच्या घरच्यांनी ठरवले, म्हणजे त्या मनावर काय गुदरते, एवढाच माझा विषय आहे.

सुरुवात आमच्या डॉक्टरांच्या एका निरुपद्रवी वाक्याने झाली. "रक्तदाब किंचित वर आहे, टेन्शन घेऊ नका," असे ते मला म्हणाले आणि माझ्या पत्नीने ते लिहून घेतले. रोज चालावे, वेळेवर झोपावे, फोन कमी पाहावा, थोडा वेळ स्वस्थ बसून दीर्घ श्वसन करावे आणि चार माणसांत मिसळावे, असा पुढचा सल्ला होता. यातले एकही कलम चुकीचे नव्हते आणि माझी खरी अडचण तीच आहे, कारण चुकीच्या सल्ल्याशी माणसाला भांडता तरी येते. आमची कन्या ऐरोलीच्या एका कंपनीत मनुष्यबळ विभागात काम करते आणि कर्मचाऱ्यांना आनंदी ठेवणे हा तिच्या कामाचाच भाग आहे. त्यामुळे घरात एक आयता कर्मचारी सापडल्यावर तिने त्याच रात्री एक तक्ता तयार केला आणि माझ्या मनगटावर एक घड्याळ बांधले. ते घड्याळ वेळही दाखवते, पण तो त्याचा जोडधंदा आहे.

पहाटे कचराळी तलावाभोवती चालायचे ठरले. पाचपाखाडीत राहणाऱ्या माणसाला याहून चांगली जागा मिळणे कठीण आहे. पाणी आहे, झाडे आहेत, बांधलेली वाट आहे आणि त्या वाटेवर निम्मे पाचपाखाडी आहे. चालताना मन मोकळे होते असे म्हणतात. आमच्या गटातील सर्वांची मने इतकी मोकळी होतात, की पहिल्या फेरीत इमारतीचा पुनर्विकास, दुसरीत विकासकाने कबूल केलेले आणि नंतर विसरलेले भाडे, तिसरीत विकासकाकडून एकरकमी मिळणाऱ्या पैशावरचा, म्हणजे कॉर्पस फंडावरचा, कर आणि चौथीत ज्यांच्या इमारतीचा खड्डा खणून काम थांबले आहे त्यांची करुण कहाणी, असा क्रम ठरून गेला आहे. पाचव्या फेरीला एक निवृत्त अभियंते आपल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा जाहीर करतात आणि इतरांचे आकडे विचारतात. उलट्या दिशेने चालणारे एक गृहस्थ दर फेरीला समोरून येतात आणि प्रत्येक वेळी, आपली भेट आत्ताच होत आहे अशा थाटात, "काय, झाली का सही?" असे विचारतात. ही सही पुनर्विकासाच्या संमतिपत्रावरची असून ती मी केलेली नाही. घरी परतल्यावर घड्याळाने दाखवलेले हृदयाचे ठोके पाहून कन्येला वाटले, की बाबा धावायला लागले.

दहा हजार पावलांचा आकडा कुठून आला याचा मी शोध घेतला, कारण वरिष्ठांचा हुकूम मोडता येत नसला तरी त्याचा उगम तपासण्याची सवय मला कचेरीने लावली आहे. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची हौस वाढली आणि १९६५ साली तिथे पावले मोजण्याचे एक यंत्र बाजारात आले. हा गोल आकडा त्या यंत्राबरोबर विकला गेला, तो कोणत्याही वैद्यकीय संशोधनातून निघालेला नव्हता. पुढे २०१९ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात साडेसात हजार पावलांच्या आसपास फायदा स्थिरावतो असे दिसून आले. हे मी जेवताना मोठ्या उत्साहाने घरी सांगितले. तो अभ्यास कोणावर केला होता, असे कन्येने विचारले. वयस्कर स्त्रियांवर, असे मला सांगावे लागले. "मग तुम्ही वयस्कर स्त्री आहात का?" असा प्रश्न करून पत्नीने आमटी वाढली आणि विषय संपवला. तेव्हापासून पावले कमी पडली, की मी रात्री दिवाणखाना ते स्वयंपाकघर अशा येरझाऱ्या घालतो. त्यावर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी "भाऊजींना रात्री काही काळजी असते का हो?" अशी चौकशी केली आणि माझ्या मनाविषयी काळजी करणाऱ्यांच्या संख्येत आणखी एकाची भर पडली.

ध्यानाची व्यवस्था गॅलरीत आहे. फोनमधल्या ॲपवर एक बाई अत्यंत संथ आवाजात सूचना देतात, आणि त्यांची पहिली सूचना अशी असते, की डोळ्यांसमोर एक शांत, निर्जन तळे आणा. त्या बाई ठाण्याच्या नसाव्यात. ठाणेकराने तळे म्हणून डोळे मिटले, की त्याला मासुंदा दिसतो. म्हणजे तलावपाळीची गर्दी दिसते, पाण्यातल्या होड्या दिसतात, मधल्या बेटावरचे महादेवाचे देऊळ दिसते, पाठोपाठ पाणीपुरी आणि शेवपुरी येते, गडकरी रंगायतनाशी गाडी लावायला जागा न मिळाल्याने हुकलेला नाटकाचा पहिला प्रवेश आठवतो आणि दिवाळीच्या पहाटे नवे कपडे घालून लोटलेली सगळी तरुणाई एकदम अंगावर येते. निर्जन तळे कल्पनेत आणण्यासाठी मला आधी महानगरपालिकेची हद्द ओलांडावी लागते आणि तोवर घोडबंदर रस्त्यावर वाहतूक तुंबलेली असते.

दुसरी सूचना, मनात विचार येऊ देऊ नका, अशी आहे. अनुभवी साधक म्हणतील, की विचार येऊ द्यावेत, फक्त त्यांच्यामागे जाऊ नये, आणि ते बरोबरच आहे. परंतु ॲप फुकटातले असल्याने त्यात एवढे बारकावे नाहीत. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली काही विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि केलाच तर घंटी वाजवा, असे सांगितले होते. घंट्या वाजतच राहिल्या. मी डोळे मिटून बसतो तेव्हा गच्चीवरचा पाण्याचा पंप चालू होतो, शेजारच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होतात, समोरच्या पाडल्या जाणाऱ्या इमारतीवर ब्रेकर चालतो, आणि मी कॉर्पस फंडाचा विचार करत नाही. तो मी इतक्या निष्ठेने करत नाही, की डोळे उघडेपर्यंत दर चौरस फुटाचा हिशेब तोंडपाठ झालेला असतो. मध्येच घड्याळ मनगटाला हलका झटका देते आणि श्वास घेण्याची आठवण करते. आजवर ते काम मी कोणाच्याही आठवणीशिवाय करत आलो आहे.

या सर्वांहून बिकट प्रकरण म्हणजे कृतज्ञतेची वही. रोज झोपण्यापूर्वी, दिवसभरात ज्यांच्याबद्दल मनात कृतज्ञता वाटली अशा तीन गोष्टी लिहायच्या, हा कन्येच्या तक्त्यातील सर्वात सोपा रकाना होता. कल्पना खोटी नाही. एमन्स आणि मॅककुलो या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अशी नोंद ठेवणाऱ्यांना आपले आयुष्य अधिक चांगले चालले आहे असे वाटत असल्याचे आढळले. मात्र त्यांच्या पहिल्या प्रयोगात ही नोंद आठवड्यातून एकदा करायची होती, आणि माझ्या माहितीप्रमाणे ती वाचायला कोणाची पत्नी बसलेली नव्हती. आमच्याकडे वही दिवाणखान्यात टीपॉयवर असते, कारण घरात लपवण्यासारखे काय आहे, असा सर्वांचा प्रश्न आहे. मी प्रामाणिकपणे लिहिले, की टँकर वेळेवर आला, मुलुंडला लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळाली आणि कचेरीतील वरिष्ठ रजेवर आहेत. रविवारी लेखापरीक्षण झाले. "आठवड्यात टँकर दोनदा, चौथी सीट तीनदा आणि मी एकदाही नाही?" असे पत्नीने विचारले. त्यावर मी पुढच्या आठवड्यात तिचे नाव रोज लिहिले, तर "मनापासून वाटलं म्हणून लिहिलंत, की मी बोलले म्हणून?" असा प्रश्न आला. याचे उत्तर कोणत्याही संशोधनात सापडत नाही. सध्या मी एका दिवशी तिच्या हातच्या भरल्या वांग्यांबद्दल, दुसऱ्या दिवशी तिच्या सहनशीलतेबद्दल आणि तिसऱ्या दिवशी तिच्या आईच्या प्रकृतीबद्दल कृतज्ञ असतो. आणि मजकुराची पुनरावृत्ती टाळण्यासाठी मागची पाने चाळावी लागत असल्याने झोपायला उशीर होतो.

झोपायला उशीर झाल्याचे घड्याळाला कळते. प्रौढ माणसाने निदान सात तास झोपावे हे मलाही मान्य आहे, आणि तेवढी झोप मी पूर्वी निर्वेधपणे घेत असे. परंतु आता सकाळी उठल्याबरोबर झोपेला गुण मिळतात. रात्री दोन वाजता जाग आली, की आता गुण कापले जात असतील या विचाराने पुन्हा झोप लागत नाही. झोपेच्या आकड्यांची चिंता करून झोप उडवून घेण्याच्या या प्रकाराला संशोधकांनी २०१७ साली ऑर्थोसोम्निया असे नाव दिले. हे कळल्यावर मला बरे वाटले, कारण इतकी शास्त्रीय व्याधी आमच्या घराण्यात पूर्वी कोणाला झालेली नव्हती. त्यावर उपाय म्हणून घड्याळ काढून ठेवा असे कोणी म्हणाले नाही. संध्याकाळचा चहा बंद झाला. चहातील कॅफीन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात, असे कन्येने गणित मांडून दाखवले. पाच वाजता रिकाम्या हातांनी बसलेल्या माणसाचे मन उतरायला किती वेळ लागतो, याचे गणित तिने मांडले नाही.

फोन रात्री नऊनंतर कपाटात जातो. त्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, एवढेच की बँकेचा ओटीपीही त्याच कपाटात येतो आणि वीजबिलाची शेवटची तारीख असली तरी किल्ली पत्नीकडे असते. सकाळी फोन हाती आला, की सोसायटीच्या ग्रुपवर ‘फोनपासून दूर राहा, आनंदी राहा’ असे सुविचार पहाटेपासून येऊन पडलेले असतात. हास्यक्लबातही मी जाऊन आलो. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन सुरू केलेली ही चळवळ जगभर पसरली आहे, आणि खोटे हसता हसता खरे हसू येते हा तिचा अनुभव खराही आहे. परंतु आमच्या क्लबात माझ्या शेजारी सोसायटीचे खजिनदार उभे असतात आणि हात वर करून मनमुराद हसून झाले, की "देखभाल खर्चाचं तेवढं बघा," असे म्हणतात.

या साऱ्यात मला खरोखर सुख वाटते ते ज्या गोष्टीत, तिची तक्त्यात नोंद नाही. ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये ठरलेल्या डब्यात ठरलेली माणसे भेटतात. कोणी भाजीचे भाव सांगतो, कोणी मुलाच्या प्रवेशाचे, कोणी नुसताच खांद्यावर डोके टेकून घाटकोपरपर्यंत झोपतो. मी डॉक्टरांच्या ‘चार माणसांत मिसळा’ या कलमाखाली हा वेळ धरावा अशी मागणी केली, आणि गर्दीच्या वेळी चार नव्हे तर चारशे माणसांत मिसळतो हेही निदर्शनास आणले. कन्या म्हणाली, "बाबा, तो प्रवास आहे, सवय नाही."

ती सवय कधी धरायची, हा मुद्दा आता कळीचा झाला आहे. सवय लागायला एकवीस दिवस पुरतात, असे कन्येच्या कंपनीत शिकवतात, आणि त्या हिशेबाने माझी सुटका जवळ आली होती. दुर्दैवाने तिने अधिक वाचन केले. एकवीसचा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या निरीक्षणावरून आला असून, बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला त्याच्या रुग्णांना किमान एवढे दिवस लागत, इतकेच त्याचे म्हणणे होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे दिसले, आणि माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. मी १८ दिवसांच्या बाजूने जोरदार मत मांडले. कन्येने सरासरी सुचवली. "यांचा स्वभाव मला ठाऊक आहे," एवढेच म्हणून पत्नीने स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे कॅलेंडर काढले आणि २५४ दिवस पुढे मोजायला घेतले. ते पुढच्या वर्षात जात असल्यामुळे नवे कॅलेंडर येईपर्यंत थांबावे, की आजपासूनच धरावे, यावर मायलेकींचे एकमत झालेले नाही. चर्चा रोज पाचच्या सुमारास सुरू होते, आणि घशाला कोरड पडत असल्यामुळे दोघींसाठी चहा टाकला जातो. तिसरा कप कोणाचा, याकडे अद्याप दोघींचे लक्ष गेलेले नाही.